सड्यावर बंकर कुठे असावा?

समोर पसरला आहे तो रत्नागिरी जिल्ह्यातील जांभ्याचा सडा, म्हणजे जांभा खडकाचे सपाट पठार. येथे गोल्फचे मैदान आखायचे ठरले, तर फेअरवेवरचे (कापलेल्या गवताच्या मुख्य पट्ट्यावरचे) बंकर, म्हणजे वाळूचे खड्डे, कुठे खोदावेत, हे इथला वारा आणि पाऊस पाहिल्याशिवाय ठरवता येणार नाही.

चुकलेल्या फटक्याला शिक्षा देणे एवढेच बंकरचे काम मानले, तर तो कडेला कुठेही चालतो. स्कॉटलंडमधील सेंट अँड्र्यूजच्या ओल्ड कोर्सवर मात्र सोळाव्या होलचे (मैदानाच्या सोळाव्या टप्प्याचे) ‘प्रिन्सिपल्स नोज’ हे बंकर खेळाडूच्या थेट वाटेत आहेत. त्यांच्या उजवीकडून, हद्दीलगतच्या चिंचोळ्या पट्टीत चेंडू ठेवणाऱ्याला ग्रीनकडे, म्हणजे चेंडू घालायचा खळगा असलेल्या हिरवळीकडे, मोकळी वाट मिळते. डावीकडे सुरक्षित खेळणाऱ्याला पुढचा फटका अवघड कोनातून मारावा लागतो. ज्या जागेच्या जवळून जाण्यात लाभ आहे, तीच बंकरची खरी जागा, असे आम्हाला वाटते.

कोकणात ही जागा दिवसातून दोनदा सरकते. पहाटे जमिनीकडून मतलई वारे वाहतात, तर दुपारी समुद्राकडून खारे वारे. समुद्राकडे तोंड असलेल्या होलवर सकाळी वारा पाठीशी असताना २५० यार्डांवर पडणारा चेंडू दुपारी समोरच्या वाऱ्यात बराच अलीकडे राहतो, आणि एकाच अंतरावर खोदलेला बंकर अर्धा दिवस शोभेपुरता उरतो. म्हणून टीपासून, म्हणजे होलचा पहिला फटका मारण्याच्या जागेपासून, साधारण २०० ते २७० यार्डांच्या टप्प्यात दोन-तीन बंकर तिरक्या रांगेत असावेत, आणि पुढचा प्रत्येक बंकर फेअरवेच्या मध्याकडे थोडा अधिक झुकलेला असावा. मग कोणत्याही वाऱ्यात एखादा तरी बंकर खेळाडूला विचार करायला लावतो.

चेंडू घरंगळत जातो तो सखल भाग बंकरसाठी सोयीचा वाटतो. परंतु वर्षाला ३,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडणाऱ्या या भागात, मुख्यतः जून ते सप्टेंबरमध्ये, त्या खड्ड्याचे डबके होईल. त्यापेक्षा बंकर चढाच्या कुशीत कोरावा, वरून येणारे पाणी चर खणून बाजूला वळवावे आणि तळातून निचऱ्याची वाट काढावी. चढातला बंकर टीवरून स्पष्ट दिसतो, हा वेगळा फायदा. वाळू मात्र किनाऱ्यावरच्या टेकड्यांतून आणू नये. त्या टेकड्यांना किनारपट्टी नियमन क्षेत्राच्या नियमांचे संरक्षण आहे.

याच सड्यांवर कातळशिल्पेही आहेत. आखणीच्या रेषेत एखादे आले, तर बंकरच काय, अख्खा होल दुसरीकडे न्यावा.