औषधाआधी बुरशीचं नाव

बुरशीच्या आजारांवर बोलायला सभागृहात शिरताना एका आजींनी मला थांबवून विचारलं, "डॉक्टर, पावसाळ्यात माझ्या लोणच्यावर येते तीच का ही बुरशी?" आजी, तीच नसली तरी तिचीच भावकी. ठाण्याच्या पावसात कपाटातल्या चपला पांढऱ्या पडतात, पावाला दोन दिवसांत हिरवे ठिपके येतात. या सगळ्यांचे बीजाणू हवेत असतात आणि आपण ते रोज श्वासाबरोबर आत घेतो. धडधाकट शरीर त्यांना थारा देत नाही. पण रक्तातली साखर बेसुमार वाढली, स्टेरॉइड फार दिवस चाललं, केमोथेरपीनं पांढऱ्या पेशी घटल्या, की तेच बीजाणू आत रुजतात.

मग द्या की औषध! खरी अडचण इथंच आहे. जिवाणू आपल्यापासून फार वेगळे. पेनिसिलिन जिवाणूला पेशीभोवतीची भिंत बांधू देत नाही, आणि आपल्या पेशींना तशी भिंतच नसते. बुरशी मात्र वनस्पतींपेक्षा आपल्याला, म्हणजे प्राण्यांना, जवळची. तिच्या पेशीचा कारभार बराचसा आपल्यासारखाच चालतो, त्यामुळे तिला मारायला जावं तर आपल्यालाही बाधतं. एक उपयोगी फरक असा, की आपल्या पेशींच्या आवरणात कोलेस्टेरॉल असतं आणि तिच्या आवरणात एर्गोस्टेरॉल.

अँफोटेरिसिन बी हे बुरशीवरचं औषध नेमकं या एर्गोस्टेरॉलला जाऊन चिकटतं. 1950च्या दशकात व्हेनेझुएलातल्या ओरिनोको नदीच्या परिसरातल्या मातीत सापडलेल्या सूक्ष्मजीवापासून ते मिळालं. आपल्याकडेही, पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्समध्ये डॉ. तिरुमलाचार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याच कुळातलं हमायसिन शोधलं. ते ज्या सूक्ष्मजीवापासून मिळालं त्याचं नाव स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना; पिंपरीचं नाव तिथं कायमचं कोरलं गेलंय. मला याचा फार अभिमान वाटतो.

पण अँफोटेरिसिनची पकड पुरती नेमकी नाही. थोडं ते आपल्या कोलेस्टेरॉललाही धरतं. मग हुडहुडी भरते, पोटॅशियम घसरतं, मूत्रपिंडाला इजा होते. म्हणून मेदाच्या अतिसूक्ष्म पिशव्यांत भरलेलं, लायपोसोमल अँफोटेरिसिन आलं.

2021 च्या मे महिन्यात, कोविडच्या लाटेत काळी बुरशी, म्हणजे म्युकर, फैलावली तेव्हा ठाण्यात, कळव्यात, वाशीत लोक चिठ्ठ्या घेऊन याच इंजेक्शनसाठी वणवण फिरत होते. हिशेब सांगतो. वजनाच्या दर किलोला दिवसाला 5 मिलिग्रॅम. माणूस 60 किलोचा असेल तर 300 मिलिग्रॅम. एका कुपीत 50. म्हणजे दिवसाला सहा कुप्या, आणि तेही कित्येक आठवडे. एक मुलगा रात्री उशिरा जेवणाच्या डब्यात बर्फ घालून दोन कुप्या घेऊन आला होता. दिवसभर हिंडून मिळवलेल्या. त्याला सांगावं लागलं, की बाळा, यात आजच्या दिवसाचा तिसरा हिस्साच भागेल. त्याचा चेहरा मी विसरलेलो नाही.

लोक विचारायचे, इंजेक्शन चालू आहे, मग ऑपरेशन कशाला? म्युकर रक्तवाहिन्यांत शिरून त्या बंद पाडतो. पुढच्या भागाचं रक्त तुटतं, तो मरतो, काळा पडतो. काळी बुरशी म्हणतात ती याचमुळे. काळा असतो तो मेलेला भाग. औषध रक्तातून जातं, आणि जिथं रक्तच पोचत नाही तिथं ते पोचणार कसं? तो भाग काढावाच लागतो.

आणि बुरशी कोणती हे कळल्याशिवाय औषध ठरत नाही. ॲस्परजिलस नावाच्या दुसऱ्या बुरशीवर व्होरिकोनॅझोल हे औषध उत्तम चालतं, म्युकरवर त्याचा उपयोग नाही. म्हणून नाकातला तुकडा तपासायला घेतो तेव्हा नातेवाइकांनी "आधी औषध सुरू करा, तपासण्या मागाहून" असं म्हणू नये. औषध आम्ही थांबवून ठेवत नाही. पण पोटॅशियम हायड्रॉक्साइड घालून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं तर त्याच दिवशी अंदाज येतो: रुंद, पडदे नसलेले तंतू दिसले तर म्युकर, बारीक, पडद्यांचे, फांद्या फुटलेले दिसले तर ॲस्परजिलसचा संशय.

आणखी एक, आपल्याकडे फार दिसणारी गोष्ट. टीबी बरा होतो, फुप्फुसात पोकळी राहते, आणि काही वर्षांनी तिथं ॲस्परजिलस घर करतो. खोकल्यातून रक्त, वजन कमी. थुंकीत टीबीचे जंतू नसले तरी पुन्हा टीबीचीच औषधं सुरू होतात. त्यातलं रिफाम्पिसिन यकृताला इतकं कामाला लावतं, की सोबत बुरशीचं औषध दिलं तरी ते रक्तात टिकतच नाही. पोकळीत अशी बुरशी झालेल्या रुग्णाला बहुधा इट्राकोनॅझोल हे बुरशीचं औषध देतो, निदान सहा महिने. त्याची साधी कॅप्सूल भरल्या पोटी घ्यायची, कारण ती विरघळायला जठरातलं आम्ल लागतं. आणि आपल्यातले कितीतरी जण सकाळी उठल्या उठल्या सवयीनं पित्ताची, म्हणजे हेच आम्ल कमी करणारी, गोळी घेतात! म्हणून पहिल्या भेटीत मी घरातली सगळी औषधं पिशवीत घालून आणायला सांगतो, आणि पित्ताची गोळी मिळाली की ती आधी बाजूला काढतो.