नाकपुडीशेजारचा खड्डा

[दृश्य: आंबोली. पावसाळी रात्र, ओढ्याकाठची झुडपं]

या फांदीवरचं तिसरं पान पान नाही. तो चापडा आहे, मलबार पिट वायपर. आम्ही संध्याकाळी सातला आलो तेव्हाही तो असाच बसला होता. तीन तास झाले, मान बोटभरही हललेली नाही.

[दृश्य: डोक्याचा क्लोजअप]

हा डोळा, ही नाकपुडी. आता मधला खड्डा बघा. त्यात आडवा ताणलेला एक पडदा असतो, कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ. दोन्ही बाजूंना हवा, म्हणून तो चटकन तापतो आणि चटकन निवतो. पडद्यात नसांची टोकं दाटीनं पसरलेली. उंदराच्या अंगाची ऊब पोचली की नस भराभर संदेश धाडते. समोर गार काही आलं की तेच संदेश मंदावतात.

[दृश्य: थर्मल कॅमेरा]

पांढरा लखलखतोय तो आमच्या कॅमेरामनचा हात. आणि साप? शोधा. फांदीइतकाच गार, म्हणून फांदीतच विरून गेलाय. चापड्याला अगदी असं दिसतं असं समजू नका. खड्ड्यातून मिळणारं चित्र बरंच धूसर असतं, पण मेंदूत ते डोळ्यांच्या चित्राशी जुळतं.

हे खड्डे उष्णतेसाठीच आहेत, हे 1937 मध्ये नोबल आणि श्मिट या शास्त्रज्ञांनी दाखवलं. डोळे झाकलेल्या सापांपुढे त्यांनी कापडात गुंडाळलेले विजेचे दिवे धरले. गरम दिव्यावर साप झेपावले. उष्णता टिपणारा ग्राही, म्हणजे रिसेप्टर, मात्र 2010 मध्ये सापडला, रॅटलस्नेक या असेच खड्डे असलेल्या सापाच्या नसांत, डेव्हिड ज्युलियस यांच्या कॅलिफोर्नियातल्या प्रयोगशाळेत. नाव टीआरपीए 1. पेशीच्या भिंतीतलं प्रथिनाचं हे दार साधारण 28 अंश सेल्सिअसला उघडतं, विद्युतभारित कण आत शिरतात, नस जागी होते.

[दृश्य: स्वयंपाकघर. लोणच्याची मोहरी फेसताना]

आणि हे दार आपल्याकडेही आहे! मोहरी फेसताना नाकात जी झिणझिणी जाते, ती त्याच्यामुळेच. आपल्यात ते झोंबणाऱ्या रसायनांनी उघडतं, सापात उबेनं. मिरचीचा ग्राही वेगळा, टीआरपीव्ही 1. त्याला 43 अंशांवरचा चटका आणि मिरची सारखीच, म्हणून तर ठेचा खाऊन आपण ‘तोंड पोळलं’ म्हणतो. हा ग्राहीही ज्युलियस यांच्याच प्रयोगशाळेनं ओळखला. 2021 चं नोबेल त्यांना आणि आर्डेम पातापूटियन यांना मिळालं, ते तापमान आणि स्पर्श टिपणाऱ्या ग्राहींच्या शोधासाठी.



 

[दृश्य: पुन्हा तीच फांदी]

शिकारीचा क्षण आम्हाला मिळाला नाही. रात्री एकला पाऊस वाढला, लेन्सवर पाणी यायला लागलं. बॅटरी विझवताना शेवटचं बघितलं, तेव्हाही तो तिथेच होता, ओढ्याकडे तोंड करून.