मुलांची अर्धशिशी आणि रोजची गोळी

श्रोतेहो, नमस्कार. शाळेतून आलेले दहा वर्षांचे मूल दप्तर टाकते, पडदा ओढून घेते, कपाळाला ओढणी घट्ट बांधून पडून राहते, एकदा उलटी करते आणि दोन तास झोपून उठले की काही झालेच नाही अशा थाटात खेळायला पळते. घरात मात्र चष्म्याची, पित्ताची, नाहीतर अभ्यास टाळण्याची चर्चा सुरू होते. असे पुन्हा पुन्हा घडत असेल, तर ती अर्धशिशी असण्याची शक्यता मोठी असते. नाव अर्धशिशी असले, तरी लहान वयात पुष्कळदा सबंध कपाळ दुखते.

अशा दुखण्याने दर आठवड्याला शाळा बुडू लागली, की पालक विचारतात, ‘हे होऊच नये म्हणून रोजची एखादी गोळी नाही का?’ गोळ्या आहेत. फ्लुनारिझिन, प्रोप्रॅनोलॉल, अमिट्रिप्टिलीन, टोपिरामेट ही नावे डॉक्टरांच्या चिठ्ठीवर दिसतात. त्यांच्याकडून किती अपेक्षा ठेवावी, हे मात्र आधी समजून घ्यायला हवे.

अमेरिकेत ८ ते १७ वर्षांच्या मुलांवर झालेल्या एका मोठ्या चाचणीचे निष्कर्ष २०१७ साली छापून आले. तीत २४ आठवड्यांच्या उपचारानंतर डोकेदुखीचे दिवस निम्म्यावर किंवा त्याहून खाली आलेली मुले अमिट्रिप्टिलीनच्या गटात ५२ टक्के, टोपिरामेटच्या गटात ५५ टक्के, आणि दिसायला तशीच पण औषध नसलेली गोळी घेणाऱ्यांत ६१ टक्के होती. औषधे सरस ठरण्याची चिन्हे दिसेनात, म्हणून ती चाचणी मुदतीआधीच थांबवण्यात आली. याचा अर्थ मुले सोंग करतात असा कोणी काढू नये. बरे वाटेल ही अपेक्षा आणि नियमित तपासणी यांचा आधार मुलांना फार मोठा असतो, असे मला वाटते. औषध घेणाऱ्यांना थकवा, तोंड कोरडे पडणे, हातापायांना मुंग्या येणे, वजन घटणे असे त्रास मात्र अधिक झाले.

म्हणून मी आधी वही मागतो. दुखण्याची तारीख, झोपेचे तास, चुकलेला डबा, घेतलेली वेदनाशामक गोळी, एवढेच तीत लिहायचे. महिन्यातले पंधराहून अधिक दिवस वेदनाशामक पोटात जात असेल, तर डोकेदुखी तिनेच वाढलेली असू शकते. विचार आणि वर्तन यांवर काम करणारी मानसोपचार पद्धती अमिट्रिप्टिलीनच्या जोडीला दिली, तेव्हा नुसत्या माहितीच्या जोडीपेक्षा अधिक गुण आला, हेही २०१३ च्या एका अभ्यासात दिसले आहे.

एवढे करूनही शाळा बुडतच असेल, तर गोळी जरूर सुरू करावी. मुलाला दमा असेल, तर ते आधीच सांगावे, कारण प्रोप्रॅनोलॉल अशा मुलाला देत नाहीत. वयात आलेल्या मुलीला टोपिरामेट देताना पुढे गर्भाला होऊ शकणाऱ्या अपायाची कल्पना द्यावी लागते. गुण यायला दोन-तीन महिने लागतात, तेव्हा आठ दिवसांत डबी फडताळात टाकू नये. आणि बंद करायची झाली, तर डॉक्टरांना विचारून हळूहळू मात्रा उतरवावी, शक्यतो परीक्षा संपल्यावर, मे महिन्याच्या सुट्टीत.