बेल्व्हेडिअरला जाण्याआधी

भाषेच्या अभ्यासदौऱ्यात कोलकात्याचं राष्ट्रीय ग्रंथालय असलं, की सहसा त्याच्या वाट्याला अर्धा दिवस येतो. त्यातला बराचसा बेल्व्हेडिअर या ग्रंथालयाच्या जुन्या वास्तूसमोर फोटो काढण्यात जातो. वास्तू सुंदर आहेच, पण वाचनाचं काम आता त्याच आवारातल्या भाषा भवनात चालतं. आणि तिथे कपाटासमोर उभं राहून पुस्तकं चाळता येत नाहीत. बहुतेक संग्रह बंद भांडारात आहे. नोंद शोधायची, क्रमांक लिहून चिठ्ठी द्यायची आणि वाट पाहायची. नोंदी घरूनच काढून नेल्या नाहीत, तर अर्धा दिवस चिठ्ठीपर्यंतच पोचतो.

मागायचं काय, हे आधी ठरवा. १९५४च्या कायद्याने प्रकाशकाने पुस्तक निघाल्यापासून तीस दिवसांत, स्वखर्चाने, एक प्रत इथे पाठवायची असते. तशीच प्रत मुंबई, चेन्नई आणि दिल्लीलाही जाते. म्हणजे १९५४नंतरच्या मराठी पुस्तकासाठी कोलकाता गाठायची गरज सहसा नाही. शिवाय प्रत न पाठवल्यास दंड पन्नास रुपयांपर्यंत, वर पुस्तकाची किंमत. एवढ्याला कोण घाबरतो? म्हणून कायदा असूनही संग्रहात फटी आहेत, लहान प्रकाशकांच्या बाबतीत तर हमखास. मराठीच्या विद्यार्थ्याने तिथे बंगाली मूळ आणि त्याचा जुना मराठी अनुवाद शेजारी ठेवून वाचावा. ही सोय घराजवळ मिळणं कठीण.

आता खरी अडचण, शोधाची. भारतीय भाषांतल्या नोंदी रोमन लिपीत असतात, तेव्हा त्या खुणांच्या लिप्यंतराने केलेल्या असतात. त्यात दीर्घ स्वरांवर आडवी रेघ येते, आणि ए, ओ हेही दीर्घच धरले जातात. ळखाली टिंब येतं. मुख्य म्हणजे शेवटचा अ लिहिला जातो. ‘केशव’ आपण रोमनमध्ये v वर संपवतो, तिथे त्यापुढे आणखी एक a असतो. त्यामुळे नाव पूर्ण न टाकता पहिली चार-पाच अक्षरंच टाकावीत. जुनं शीर्षकही छापलं असेल तसंच शोधावं लागतं. दादोबा पांडुरंगांचं १८३६चं व्याकरण ‘मराठी भाषा’ टाकून सापडणार नाही, कारण शीर्षक ‘महाराष्ट्र भाषेचें व्याकरण’ असं आहे. त्या ‘चें’वरचा अनुस्वार रोमनमध्ये जादा अक्षर होऊन बसतो. १९६२च्या शुद्धलेखन नियमांआधीच्या, असे अनुस्वार असलेल्या शीर्षकांना हे लागू आहे.

कोलकाता विद्यापीठाचे एकेकाळचे कुलगुरू आशुतोष मुखर्जी यांचा मोठा संग्रह वेगळा ठेवलेला आहे, तेव्हा चिठ्ठीवर संग्रहाचं नावही लिहा. ठिसूळ कागदाच्या पुस्तकाची छायाप्रत बहुधा मिळत नाही, उतरवून घ्यायची तयारी ठेवा. वही आणि पेन्सिल न्या, ओळखपत्र न्या आणि गट मोठा असेल तर संस्थेचं पत्र आधी पाठवा. सगळ्यांनी एकच पुस्तक मागू नये, प्रत बहुधा एकच असते.