कड्यावरचा राखणदार

न्यूयॉर्कमधील सेंट्रल पार्कच्या आग्नेय कोपऱ्यातील तळ्याकाठी डिसेंबरच्या एका रात्री सोळा वर्षांचा होल्डन कॉलफिल्ड बदके शोधत फिरतो. अंधारात चाचपडताना तो स्वतःच पाण्यात पडता पडता वाचतो. बहिणीसाठी हौसेने घेतलेली ग्रामोफोनची तबकडी तर त्याने पार्कात शिरतानाच पाडून फोडलेली असते. जे. डी. सॅलिंजर यांच्या 1951 सालच्या ‘द कॅचर इन द राय’ या कादंबरीचा हा नायक त्याच रात्री आपल्या दहा वर्षांच्या बहिणीला, फीबीला, सांगतो की, राय या धान्याच्या शेतात हजारो मुले खेळत असावीत, आपण कड्याच्या टोकाशी उभे राहावे आणि धावत येणारे मूल खाली जाण्याआधी झेलावे. आपल्याला एवढेच काम करायचे आहे.

पाचपैकी चार विषयांत नापास झाल्याने शाळेतून काढलेल्या, सराईतपणे खोटे बोलणाऱ्या, सिगारेट आणि दारू जवळ केलेल्या या मुलाच्या हाती कुणी शेळीसुद्धा राखायला देणार नाही, हा आक्षेप वरवर पाहता बिनतोड आहे.

पण त्याचे वागणेही पाहा. फीबीच्या शाळेतील एका जिन्यात कुणीतरी भिंतीवर शिवी लिहून ठेवली आहे, आणि लहान मुले ती वाचतील या विचाराने होल्डन ती हाताने घासून पुसतो. दुसरी शिवी चाकूने कोरलेली असल्याने पुसली जात नाही. पार्कातल्या एका अनोळखी मुलीचे स्केट तो चावीने घट्ट करून देतो. हे त्याला कुणी सांगितलेले नसते. धाकटा भाऊ ॲली ल्युकेमियाने गेला त्या रात्री गॅरेजच्या काचा मुठीने फोडणारा हा मुलगा आहे; मराठी वाचकाला येथे नेमाड्यांच्या ‘कोसला’तील पांडुरंग आणि त्याची मृत धाकटी बहीण मनी आठवल्याशिवाय राहणार नाहीत.

आणि कादंबरीच्या शेवटी येते ते मेरी-गो-राउंड, म्हणजे लाकडी घोड्यांचे फिरते चक्र. सेंट्रल पार्कात 1871 मध्ये बसवलेले पहिले चक्र खाली जुंपलेली खरी जनावरे फिरवीत असत. नंतरचे एक चक्र 1950 च्या आगीत जळाले, तेव्हा कोनी आयलंडला पडून असलेले आजचे चक्र तेथे आणण्यात आले. स्टाइन आणि गोल्डस्टाइन या ब्रुकलिनच्या कारागिरांनी 1908 मध्ये कोरलेले त्याचे 57 घोडे, त्यांचे विचकलेले दात आणि उधळलेल्या आयाळी जवळून पाहिल्या, तर हे निव्वळ खेळणे वाटत नाही. फीबी ज्या घोड्यावर बसते, तो अर्थातच यांपैकी नव्हे, कारण ती कथा आगीआधीची आहे.

तळ्याकाठच्या रात्रीनंतरच्या दुपारी फीबी सुटकेस ओढत आलेली असते, कारण भाऊ घर सोडून पश्चिमेकडे निघाला आहे आणि तिलाही सोबत जायचे आहे. होल्डन तिला नकार देतो, आणि ती ऐकत नाही असे दिसताच स्वतःचे जाणे रद्द करतो. आपल्यापायी एक मूल खरोखर कड्याशी आले, तेव्हा त्याने माघार घेतली. आक्षेप घेणाऱ्यांनी मोजायची गोष्ट हीच होती, असे आमचे मत आहे. पुढे मेरी-गो-राउंडवर फिरता फिरता पकडायचे सोनेरी कडे हाती यावे म्हणून फीबी घोड्यावरून वाकते, तेव्हाही तो तिला हटकत नाही. मुले पडायची असतील तर पडतील, पण त्यांना काही बोलू नये, असे त्याला वाटते.

त्यानंतर होल्डन आजारी पडतो, कॅलिफोर्नियात उपचार घेतो, आणि सप्टेंबरमध्ये त्याला नव्या शाळेत जायचे असते.