पाकिटातला पट

वेंगुर्ल्याजवळच्या एका गावात शाळा सुटलीय. समोरच्या दुकानात बॉबीचं, त्या कुरकुरीत खाऊचं, पाकीट फुटतं. पण बॉबी नंतर, आधी आत बोटं घालून चाचपणी. आज निघाली सापशिडी. कागदाची घडी उघडली तरी पंजात मावते, आणि त्यात 100 घरं! सोंगट्या मसुराएवढ्या. फासा इतका हलका की घरंगळतच नाही, पडला तिथंच बसतो.

खाऊबरोबर बक्षीस ही युक्ती जुनी. अमेरिकेत क्रॅकर जॅक या पॉपकॉर्नच्या खाऊत 1912 पासून खेळणी मिळू लागली. सापशिडी मात्र आपल्याकडचीच. पूर्वी ती मोक्षपट होती, त्यात शिड्या पुण्याच्या आणि साप पापाचे. 19 व्या शतकाच्या अखेरीस ती इंग्लंडात गेली, तिथं छापली गेली आणि तशीच छापील होऊन परत आली. पाकिटातल्या सापाला आता पाप-बीप काही नाही, नुसतं तोंड आहे.

तसं बघायला गेलं तर मोठी गोष्ट छोट्या डबीत बसवणं शेजारच्या सावंतवाडीला नवं नाही. तिथली गंजिफा बघा. हा पट नव्हे, पत्ते. पण गोल, हातानं रंगवलेले. दशावतारी गंजिफेत 10 अवतार, प्रत्येकाची 12 पानं, एकूण 120. देवळापुढं रात्रभर रंगणारा दशावतार इथं लाकडी डबीत झोपलेला. पान तयार करताना कापडाला चिंचोक्याची खळ लावतात, मग त्यावर रंग चढतो.

चिंचोके पोरांच्याही खिशात आहेत, ते वेगळ्या कामासाठी. पाकिटातला फासा केव्हाच हरवलाय. चिंचोका फोडला की दोन भकलं होतात, अशी चार घ्यायची. पांढऱ्या बाजू मोजायच्या, तेवढं दान. चारही काळी पडली तर 8. सारवलेल्या खळ्यात खडूनं पट आखला जातोय, पण 100 घरांना खडू पुरत नाही, म्हणून 25 वर भागवलंय. सोंगट्यांच्या जागी शिंपले आणि एक सुपारी. सुपारी कुणाच्या आजीच्या डब्यातली, हे विचारायचं नाही.

छापील कागद बाजूला दगडाखाली दाबून ठेवलाय, साप कुठं काढायचा ते बघायला.

"चिंचोको उभो रवलो! परत टाक!"