खेळण्यापुरतं कार्ड

मंडळी, कार्यक्रमपत्रिकेवर विषय छापलाय "स्पर्धेचा डेक कमी पैशांत कसा बांधावा". डेक म्हणजे खेळायला घेऊन बसायचा कार्डांचा गठ्ठा. त्या विषयावर मी येणारच आहे. पण एक गोष्ट बरेच दिवस मनात घोळतेय, आणि समोर इतकी जाणकार मंडळी बसलेली असताना ती बोलल्याशिवाय मला पुढे सरकता येणार नाही. मॅजिक, पोकेमॉन, यू-गी-ओ, आपल्या या कार्डांच्या खेळांत आपण म्हणतो, अमुक कार्डाची किंमत अमुक. प्रत्यक्षात त्या पुठ्ठ्याच्या तुकड्यावर दोन किमती बसलेल्या असतात, एक खेळण्याची आणि एक जपून ठेवण्याची. विकणारा दोन्हींची बेरीज करून आकडा सांगतो आणि आपण निमूटपणे तो देतो. स्पर्धेत उतरणाऱ्याचा संबंध फक्त पहिल्या किमतीशी आहे.

मॅजिकमधला लाइटनिंग बोल्ट घ्या. एक लाल मॅना, म्हणजे कार्ड वापरायला लागणारी शक्ती, खर्च करायची आणि तीन डॅमेज, म्हणजे तीन गुणांचं नुकसान, करायचं. 1993 साली मॅजिकचा पहिला संच निघाला, अल्फा, तेव्हापासून हे कार्ड आहे आणि नंतर ते इतक्या वेळा छापलं गेलंय की मोजदाद ठेवणं अवघड. अल्फामधला बोल्ट आज संग्राहक तिजोरीत ठेवतात. अलीकडच्या छपाईचा बोल्ट किरकोळ पैशांत मिळतो. टेबलावर दोन्ही तीनच डॅमेज करतात! एखाद्या फॉरमॅटमध्ये, म्हणजे कोणती कार्डं चालतील हे ठरवणाऱ्या खेळप्रकारात, कार्ड चालत असेल तर त्याची कोणतीही अधिकृत छपाई चालते, हा नियम तुम्हाला सगळ्यांना पाठ आहे. अल्फाच्या कार्डांचे कोपरे तर जास्त गोल असतात, त्यामुळे ती अपारदर्शक स्लीव्हशिवाय, म्हणजे प्लास्टिकच्या खोळीशिवाय, इतर छपाईच्या कार्डांबरोबर डेकमध्ये ठेवताच येत नाहीत. म्हणजे खेळाच्या दृष्टीने महागडं कार्डच जास्त अडचणीचं.

आता टार्मोगॉईफ. किती जणांनी खेळलंय? बरेच हात वर दिसतायत, बरं वाटलं. 2007 च्या फ्यूचर साइट संचातलं रेअर, म्हणजे दुर्मीळ दर्जाचं कार्ड, दोन मॅनाचा हिरवा प्राणी. सगळ्यांच्या ग्रेव्हयार्डमध्ये, म्हणजे वापरून झालेल्या कार्डांच्या ढिगात, मिळून जितक्या प्रकारची कार्डं पडली असतील तितकी त्याची ताकद. त्याच्या कंसातल्या मजकुरात "प्लेन्सवॉकर" हा प्रकार छापलेला होता, आणि तेव्हा त्या प्रकारचं एकही कार्ड अस्तित्वात नव्हतं! ती त्याच वर्षी नंतर लॉरविन संचात आली. ही माझी फार आवडती गंमत आहे, म्हणून सांगून घेतली.

तर सुरुवातीला फार कुणी याच्याकडे वळून पाहिलं नाही. मग लोकांच्या लक्षात आलं की दुसऱ्याच टर्नला एवढा धिप्पाड प्राणी दुसरा कुठलाच मिळत नाही. 2011 मध्ये मॉडर्न फॉरमॅट आला आणि हिरवा डेक खेळणाऱ्या प्रत्येकाला या कार्डाच्या चार प्रती हव्याशा झाल्या. 2013 मध्ये मॉडर्न मास्टर्स संचात ते पुन्हा छापलं, तेव्हा सगळ्यांना वाटलं, चला, आता भाव उतरणार. भाव चढला. का चढला हे नीट बघा, कारण आजही हीच फसगत होते. त्या संचाची छपाई मर्यादित होती आणि टार्मोगॉईफला त्यात मिथिक रेअर, म्हणजे रेअरहूनही दुर्मीळ, करून टाकलं होतं. शिवाय त्या संचामुळे नवे खेळाडू मॉडर्नकडे वळले, आणि ज्याला कार्डांच्या सीलबंद पाकिटात नशिबाने एक मिळालं तो उरलेली तीन शोधायला बाजारात उतरला. पुरवठा मूठभर वाढला, गिऱ्हाईक पसाभर वाढलं. म्हणून रिप्रिंटची नुसती बातमी ऐकून थांबू नका. किती छापतायत आणि दुर्मीळतेच्या कोणत्या दर्जाला छापतायत, ते विचारा.

आणि मग 2015 चं लास व्हेगस. ग्रां प्री नावाची मोठी स्पर्धा, हजारो खेळाडू, फॉरमॅट मॉडर्न मास्टर्सच्या नव्या संचाचा. शेवटच्या आठ जणांचा ड्राफ्ट चालू आहे, म्हणजे पाकिटं फोडून, एकेक कार्ड उचलून तिथल्या तिथे डेक बांधणं. एका खेळाडूने पाकीट उघडलं, त्यात त्याच्या डेकला नेमकं लागणारं बर्स्ट लाइटनिंग, आणि त्याच पाकिटात फॉइल, म्हणजे चकाकणारं, टार्मोगॉईफ. त्याच्या डेकला टार्मोगॉईफचा काडीचाही उपयोग नव्हता. त्याने टार्मोगॉईफ उचललं. नामांकित खेळाडूंनी त्याच्यावर टीकेची झोड उठवली. अंतिम फेरीच्या उंबरठ्यावर पैशांकडे बघतो म्हणजे काय, हा खेळाचा अपमान आहे, असा सूर. त्याने ते कार्ड लिलावात काढलं, ते जवळपास 15 हजार डॉलरला गेलं आणि त्यातली अर्धी रक्कम त्याने खेळाडूंना मदत करणाऱ्या एका संस्थेला देऊन टाकली.

मी त्या खेळाडूच्या बाजूची आहे, आणि ठामपणे आहे. त्या सभागृहात दोन्ही किमती वेगवेगळ्या दिसणारा तो एक माणूस होता. या कार्डाने माझ्या डेकची ताकद किती वाढते? शून्य. विकून किती येतील? भरपूर. दोन्ही उत्तरं त्याने स्वतंत्र ठेवली. चूक होते ती आपल्याकडून, तेच फॉइल चढ्या भावाने विकत घेऊन डेकमध्ये घातलं की डेक जोरदार झाला असं आपण मानतो तेव्हा. उलट फॉइल टेबलावर त्रासच देतं. चकाकीचा थर आणि कागद हवेतला ओलावा सारखा शोषत नाहीत, त्यामुळे कार्डाला बाक येतो. साठ कार्डांचा डेक स्लीव्ह घालून समोर ठेवा आणि बाजूने बघा, फॉइल असेल तिथे बारीकशी फट दिसते. प्रतिस्पर्धी डेक कापतो तेव्हा तो बरोबर त्याच फटीवर सुटतो. जजने, म्हणजे स्पर्धेच्या पंचाने, हे पाहिलं तर ते मार्क्ड, म्हणजे न पाहता ओळखू येणारं, कार्ड ठरतं, आणि मग वॉर्निंगपासून डाव गमावण्यापर्यंत काहीही पदरात पडू शकतं. जास्त पैसे मोजून ही जोखीम विकत घ्यायची कशाला?

टार्मोगॉईफचं पुढे काय झालं ते सांगते आणि विषयाकडे वळते. 2017 मध्ये फेटल पुश हे प्राणी मारणारं कार्ड आलं, एका काळ्या मॅनात टार्मोगॉईफ गारद. त्याच वर्षी आणि 2018 मध्ये आणखी रिप्रिंट झाले, नंतरची नवी कार्डं आणखी जबरदस्त निघाली, आणि एके काळी चार जमवताना घाम फुटायचा ते कार्ड आज जुन्या भावाच्या लहानशा अंशात मिळतं. कार्ड टेबलावर जे करायचं ते मात्र आजही तेच करतं.

विषयाकडे वळते म्हटलं खरं, पण रिझर्व्ह्ड लिस्टबद्दल बोलले नाही तर मला आज झोप लागायची नाही. 1995 मध्ये क्रॉनिकल्स नावाचा संच निघाला, जुनी दुर्मीळ कार्डं त्यात पुन्हा छापली, संग्राहकांनी आरडाओरडा केला, आणि 1996 मध्ये कंपनीने यादीच जाहीर केली, की ही कार्डं पुन्हा छापणार नाही. अंडरग्राउंड सी आणि त्याची भावंडं, म्हणजे मूळ ड्युअल लँड, त्या यादीत आहेत. लँड म्हणजे मॅना देणारं कार्ड, आणि ड्युअल म्हणजे दोन रंगांचा मॅना देणारं. त्यांची शेवटची स्पर्धायोग्य छपाई 1994 च्या रिव्हाइज्ड संचातली. लेगसी, म्हणजे जुनी कार्डं चालणारा फॉरमॅट, खेळायचं तर बऱ्याच डेकना ही लँड हवीत, आणि जगात आहेत तेवढीच आहेत, उलट दरवर्षी काही फाटतात, काही भिजतात, काही कायमची कपाटात जातात. लेगसी हा किती सुंदर फॉरमॅट आहे हे खेळलेल्यांना सांगायला नको. त्याच्या दारावर हे कुलूप लावून ठेवलंय याचं मला मनापासून वाईट वाटतं.

ही कार्डं पुन्हा छापली तर संग्राहकाचं नुकसान होईल, हा युक्तिवाद मला पटत नाही. पोकेमॉनचं 1999 च्या बेस सेटमधलं चॅरिझार्ड बघा. 2016 च्या इव्होल्यूशन्समध्ये त्याची नवी आवृत्ती आली, 2021 च्या सेलिब्रेशन्समध्ये पुन्हा आली. मूळ पहिल्या आवृत्तीच्या चॅरिझार्डला काही झालं का? त्यासाठी आजही लोक वाट्टेल ते मोजतात. जपणाऱ्याला पहिली छपाई हवी असते, खेळणाऱ्याला फक्त मजकूर हवा असतो, दोघांची गरज वेगळी छापून सहज भागते. मॅजिकच्या कंपनीलाही हे कळतं, म्हणून तर 2022 मध्ये तिसाव्या वर्धापनदिनाचा संच निघाला. त्यात ड्युअल लँड होती, ब्लॅक लोटस हे गाजलेलं जुनं कार्डसुद्धा होतं. चार पाकिटं, 999 डॉलर, आणि पाठ वेगळी छापलेली, त्यामुळे स्पर्धेत चालणार नाही. जपणाऱ्याच्या भावात जपणाऱ्याची वस्तू, आणि खेळणारा पुन्हा दाराबाहेर. हे मला अजून सहन होत नाही.

चिठ्ठी आली आहे, दहाच मिनिटं उरलीत. तर आता भराभरा.

पाकिटं फोडून डेक बांधू नका. बरीच वर्षं मॅजिकच्या मोठ्या संचात 53 रेअर आणि 15 मिथिक असायची, प्रत्येक रेअर प्रत्येक मिथिकच्या दुप्पट प्रमाणात. म्हणजे ठरावीक एक मिथिक सरासरी 121 पाकिटांत एकदा. चार हवीत तर 484 पाकिटं, 36 पाकिटांच्या पेट्या धरल्या तर तेरा संपून चौदावी उघडावी लागते. आकडे आता थोडे बदललेत, चित्र तेच आहे. पाकिटं ड्राफ्टसाठी घ्या, मजेसाठी घ्या, डेकसाठी सुटी कार्डं घ्या. घेताना सगळ्यात साधी, सगळ्यात नावडती छपाई मागा. पोकेमॉनमध्ये तर एकाच कार्डाची साधी आवृत्ती आणि पूर्णचित्र आवृत्ती यांच्या भावात आकाशपाताळाचं अंतर असतं. हाताळलेलं कार्ड मागा, कडा थोड्या पांढऱ्या झालेल्या चालतात, मुडपलेलं आणि फुगलेलं नको, कारण ते स्लीव्हमधूनही जाणवतं. पोकेमॉनचे विश्वविजेत्यांचे तयार डेक दिसतील, स्वस्त दिसतील, पण त्यांची पाठ वेगळी असते, ते सरावापुरते.

वेळ. संच निघायच्या आधीची बुकिंग आणि पहिला आठवडा टाळा, तेव्हा भाव उत्सुकतेचा असतो. पाकिटं फुटत जातात तसा माल बाजारात येतो. बंदीच्या घोषणेच्या आसपासही हात आखडता ठेवा. सप्टेंबर 2024 मध्ये कमांडर या मॅजिकच्या फॉरमॅटमध्ये मॅना क्रिप्ट आणि ज्वेल्ड लोटस या कार्डांवर बंदी आली, आदल्या दिवशी घेणाऱ्यांचं काय झालं ते तुम्ही पाहिलंय. यू-गी-ओमध्ये रोटेशन नाही, म्हणजे जुने संच ठरावीक काळाने बाद होत नाहीत, तिथे वाट बघण्याचं फळ फार चांगलं मिळतं. ॲश ब्लॉसम हे कार्ड 2017 मध्ये सीक्रेट रेअर या दुर्मीळ दर्जाचं म्हणून आलं, सगळ्यांना तीन हवी होती, भाव कडाडला, आणि 2019 मध्ये सोलबर्नर या स्ट्रक्चर डेकमध्ये, म्हणजे कंपनीने जुळवून विकलेल्या डेकमध्ये, सरळ छापून मिळालं. तयार स्ट्रक्चर डेक तीन घ्यायचे आणि एकत्र करायचे, हा त्या खेळातला जुना आणि अजूनही उत्तम मार्ग.

मॅजिकमध्ये फॉरमॅट निवडताना पॉपरचा विचार जरूर करा. फक्त कॉमन, म्हणजे सगळ्यात सहज मिळणाऱ्या दर्जाची, कार्डं, 2019 पासून अधिकृत, आणि बोल्ट, काउंटरस्पेल, ब्रेनस्टॉर्म सगळं हाताशी. खेळ मात्र मुळीच हलका नाही. मॉडर्नच हवा असेल तर एका रंगाच्या डेकपासून सुरुवात करा, कारण खर्चाचा मोठा वाटा लँड खातात. पुढे दुसरा रंग घेताना पहिला पैसा लँडवर घाला. डेक बदलतात, प्राणी जुने होतात, लँड पुढच्या डेकमध्येही चालतात. फेच लँड, म्हणजे डेकमधून दुसरं लँड शोधून आणणारी, तर 2021 च्या मॉडर्न होरायझन्स 2 नंतर पुष्कळ आवाक्यात आली.

घेण्याआधी खेळून बघा. सरावात कागदावर नाव लिहून स्लीव्हमध्ये घातलेलं प्रॉक्सी पुरतं, मित्राचा डेक मागून घ्या, पोकेमॉन असेल तर त्यांचा लाइव्ह खेळ फुकट आहे. अधिकृत स्पर्धेत स्वतः केलेलं प्रॉक्सी चालत नाही, सामन्यादरम्यान कार्ड खराब झालं तर जज देईल तेवढंच.

नकली कार्डं, हे शेवटचं, आणि यावर खरं तर तासभर बोलायला हवं होतं. संशयास्पद स्वस्त दिसलं तर भिंग लावा. मॅजिकच्या खऱ्या कार्डावर चित्र रंगीत ठिपक्यांच्या फुलोऱ्यांनी बनलेलं दिसतं, पण नावाची काळी अक्षरं वेगळ्या थरात, सलग, रेखीव कडांची असतात. नकलीत अक्षरंही बहुधा ठिपक्यांनी बनलेली सापडतात. पाठीवरच्या पाच रंगांच्या गोळ्यांतला हिरवा बघा, त्यात चार लाल ठिपके काटकोनात मांडलेले असतात. दोन कार्डं शेजारी ठेवून बघितलीत की डोळा लगेच बसतो. भिंग मी आणलंय, खरी आणि नकली दोन्ही कार्डं आणलीत, ज्यांना बघायचं असेल त्यांनी पुढे या, बाकीच्यांचे प्रश्न संयोजक घेतील.